तीन रिंगची हाय प्रेशर गॅस भट्टी : खानावळीत वापरल्यानंतरचा अनुभव

अशी भट्टी घ्यावी का, हे खानावळीत जेवायला येणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. आमची भट्टी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बनवून घेतलेली आहे. चैत्रात बसवली, आता दिवाळी तोंडावर आली. उन्हाळ्यातली चटणीची भाजणी, पावसाळ्याचा ओलावा आणि श्रावण संपल्यावर मटणाला होणारी गर्दी, सगळं तिच्यावर झालंय. माझं मत स्पष्ट आहे : जरूर घ्या, पण बर्नर किती मोठा आहे ते बघून घेऊ नका. जेट आणि एअर शटर (नळीत शिरणारी हवा कमी-जास्त करायची झडप) बघून घ्या.

भट्टीच्या खाली प्रत्येक रिंगला एक पितळी जेट असतो आणि त्याला मधोमध बारीक भोक. त्यातून गॅस जोरात सुटतो आणि समोरच्या नळीत शिरताना आजूबाजूची हवा आपल्यासोबत ओढून नेतो. ना पंखा, ना ब्लोअर. हवा ओढायचं काम गॅसची धारच करते. एक लिटर गॅस पुरता जळायला साधारण 25 ते 30 लिटर हवा लागते. त्यातली काही नळीत आधीच मिसळते, उरलेली ज्योतीला बाहेरून मिळते. आधीची हवा कमी पडली की ज्योत पिवळी, लांब आणि मऊ होते, टोपाच्या बुडाला काजळी धरते. जास्त झाली की ज्योत बर्नर सोडून वर उचलते आणि फडफडते.

माझे मामा शिरोलीला फौंड्रीत होते, लेडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) तापवायच्या बर्नरवर त्यांचा हात बसलेला. भट्टी जोडली त्या दिवशी ते आले होते. मी आपली कॉक कमी-जास्त करत होते. ते म्हणाले, "कॉकला काय बघतीस पोरी? जेटकडं बघ. कॉकनं आग बारीक-मोठी होती. चांगली-वाईट जेटनं आन् हवेनं होती."

मग त्यांनी शटरचा स्क्रू सैल केला. आधी शटर इतकं उघडलं की ज्योत वर उचलायला लागली, आणि तिथून केसाकेसानं बंद करत आणलं. एका ठिकाणी प्रत्येक भोकावर निळा सुळका धारदार दिसायला लागला, फडफड थांबली. तिथंच स्क्रू आवळला. तीन रिंगा, तिघींची जागा वेगवेगळी निघाली. आमच्या जुन्या भट्टीला ही सोयच नव्हती. तिच्यावरचे टोप रोज राखेनं घासायला लागायचे; आता बुडं नुसती पुसून निघतात, आणि 19 किलोचा सिलिंडर पूर्वीपेक्षा चांगलाच पुरतो.

आता जेटमध्ये पिन घालायच्या सवयीबद्दल. जेट तुंबला की सेफ्टी पिन किंवा सुई घालणं आपल्याकडे सर्रास चालतं. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि त्याचा गोलावा जातो. 1 मिलिमीटरचं भोक 1.1 झालं तर गॅस 21 टक्के जास्त सुटतो, कारण हिशेब क्षेत्रफळाचा असतो. हवा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. त्यातून धार वाकडी निघाली तर ती नळीच्या भिंतीवर आपटते आणि हवा आणखीनच कमी ओढली जाते. आम्ही गॅस बंद करून जेट खोलतो, गरम साबणाच्या पाण्यात ठेवतो, मागच्या बाजूनं फुंकतो आणि पूर्ण वाळवून बसवतो. जोडावर साबणाचा फेस लावून गळती बघितल्याशिवाय पेटवायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे.

खरी कसोटी पांढऱ्या रश्श्याची. तांबडा कसाही उकळू दे, पांढऱ्याला मोठी उकळी आली की नारळाचं दूध फाटतं. इथं ह्या भट्टीची मर्यादा कळते. बाहेरची मोठी रिंग फार बारीक केली की नळीतून येणाऱ्या गॅस-हवेचा वेग कमी पडतो, ज्योत उलटी आत शिरते, फट्ट आवाज होतो आणि आग जेटपाशी जळायला लागते. असं झालं तर लगेच कॉक बंद करा, नळी गार होऊ द्या, मगच पुन्हा पेटवा. बारीक आचेला आम्ही फक्त आतली रिंग वापरतो. तिचा जेट लहान आहे, त्यामुळे ती मंद आचेवरही तग धरते. रस्सा तासभर नुसता हलत राहतो, फाटत नाही.

कांदा-लसूण चटणीसाठी मधली रिंग उत्तम. खोबरं, तीळ, धणे कढईत सगळीकडून सारखे भाजले जातात, मधोमध करपत नाहीत. एक लक्षात ठेवा : मिठाची किंवा मसाल्याची पूड आगीत उडाली की ज्योत क्षणभर नारिंगी दिसते. ते हवेचं लक्षण नाही, शटरला हात लावू नका.

उणिवाही आहेत. आवाज मोठा आहे, भट्टीपाशी उभं राहून बोलणं जमत नाही. टोप ठेवायचं स्टँड फारच बुटकं आलं होतं. गार बूड ज्योतीत घुसलं की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वासही नसतो. म्हणून अँगलचे तुकडे वेल्ड करून स्टँड उंच करून घेतलं. एक्झॉस्ट फॅन आणि खिडकी कायम चालू-उघडी. तिन्ही रिंगा एकदम चालवल्या तर एकटा सिलिंडर गारठतो, बाहेरून दव धरतं आणि दाब पडतो. दोन सिलिंडर मॅनिफोल्डला, म्हणजे दोन्हींचा गॅस एकत्र आणणाऱ्या नळीला, जोडल्यावर हा त्रास गेला. घरगुती रेग्युलेटर ह्या भट्टीला चालत नाही, नळीसुद्धा हाय प्रेशरचीच लागते.

ऑर्डर देताना प्रत्येक रिंगच्या जेटच्या भोकाचं माप लिहून मागा आणि जोडीला एकेक सुटा जेट घ्या. आम्हाला बाहेरच्या रिंगचा सुटा मिळाला नव्हता, तो आता दिवाळीआधी करून घेतोय.