जुना टीव्ही कुठे गेला, हे सांगणारी सेवा

आईवडिलांचे कोथरूडमधील घर रिकामे करताना माळ्यावरून, पलंगाखालून आणि कपाटांच्या तळातून विजेच्या वस्तूंचा जो ढीग निघाला, तो पाहून मी आणि भाऊ दोघेही गप्प झालो. 21 इंची जुना टीव्ही, संगणकाचा सीपीयू आणि कीबोर्ड, मोटार जळालेला मिक्सर, कॉर्डलेस फोन, तीन मोबाइल, बारा-पंधरा चार्जर, सात सीएफएल दिवे आणि बाबांचा ट्रान्झिस्टर एवढे सामान होते. नेहमीच्या भंगारवाल्याने दारातूनच नजर टाकून सगळ्याचे 600 रुपये सांगितले. आम्ही ते घेतले नाहीत आणि ई-कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या एका नोंदणीकृत कंपनीची घरून सामान नेण्याची सेवा घेतली. तिच्याविषयी हे लिहीत आहे. पुढे काही तक्रारी आहेत आणि एका घराच्या अनुभवावरून कुणावर शिक्का मारणे योग्य नव्हे, म्हणून कंपनीचे नाव देत नाही.

भंगारवाल्याला नकार देण्यामागे एक पाहिलेली गोष्ट होती. आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गेल्या पावसाळ्यात जुन्या टीव्हीची एक पिक्चर ट्यूब, म्हणजे पडदा आणि त्यामागे निमुळता होत जाणारा काचेचा भाग, पडलेली होती. तिची मान मोडलेली होती, मानेभोवतीचे तांब्याचे वेटोळे कुणीतरी काढून नेले होते आणि उरलेल्या काचेच्या नरसाळ्यात पाणी साचले होते. रंगीत टीव्हीच्या ट्यूबमधील या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके असते. क्ष-किरण बाहेर पडू नयेत म्हणून ते मुद्दाम घातलेले असते. तांब्याला बाजारात भाव आहे आणि या काचेला तो नाही, उलट ती सुरक्षितपणे हाताळायला पैसे लागतात. म्हणून जुन्या टीव्हीचे कुणी भरभक्कम पैसे देऊ लागला, तर काचेचे तो काय करणार आहे, हे विचारायलाच हवे. यात भंगार गोळा करणाऱ्याला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही, कारण वायर जाळून तांबे काढताना निघणारा विषारी धूर सर्वांत आधी त्याच्याच, आणि अनेकदा त्याच्या मुलांच्या, छातीत जातो.

कंपनी निवडताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरील नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकारांच्या यादीत तिचे नाव आहे की नाही, हे आधी पाहिले. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशी नोंदणी आवश्यक आहे, आणि वस्तू बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या उत्पादकांवर ठरावीक प्रमाणात जुन्या मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकलेली आहे. या नियमांच्या यादीत शंभरांहून अधिक प्रकारच्या वस्तू आहेत, त्यामुळे टीव्ही आणि संगणकाबरोबर मिक्सरसारखी स्वयंपाकघरातील उपकरणेही त्यात मोडतात. ‘आम्ही सरकारमान्य आहोत’ असे फोनवर सांगणारे पुष्कळ भेटतात. नोंदणीवरचे नाव नेमके कोणते, हे विचारल्यावर त्यांतील दोघांनी मला पुन्हा फोनच केला नाही.

सामान नेण्यासाठी सकाळी 10 ते 1 ही वेळ ठरली होती. गाडी आली ती संध्याकाळी साडेपाचला, तीही मी तीन फोन केल्यानंतर. रिकाम्या घरात केवळ या कामासाठी दिवसभर थांबावे लागणे ही लहान गैरसोय नव्हे. एखादे वयस्कर जोडपे असते, तर वैतागून दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे भंगारात दिले असते.

आलेल्या दोन मुलांचे काम मात्र मनापासून आवडले. त्यांच्याकडे हातमोजे होते आणि वजनाचा काटा होता. टीव्ही त्यांनी पडद्याची बाजू अंगाकडे धरून उचलला, कारण सगळे वजन त्या बाजूला असते आणि मागची नाजूक मान कशालाही आपटू द्यायची नसते. सामान वेगळे करताना त्यांतल्या एकाने बाबांचा ट्रान्झिस्टर हातात घेतला, कानाशी नेला, बटण फिरवले आणि म्हणाला, ‘काकू, हा बोलतोय. फक्त आवाजाचं बटण खराब आहे. हा कशाला देताय?’ किलोवर माल मोजणाऱ्याने एक नग स्वतःहून कमी करावा, याचे मला फार मोल वाटते. तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याने ते बटण उघडून साफ केले आणि ट्रान्झिस्टर आता भावाच्या स्वयंपाकघरात वाजतो आहे.

सीपीयूतील हार्ड डिस्कची काळजी मला अधिक होती, कारण बाबांचे आयकर विवरण, बँकेची कागदपत्रे आणि आधार कार्डाच्या प्रती सगळे तिच्यावर होते. फाइल डिलीट केल्याने माहिती पुसली जात नाही. ती जागा पुन्हा वापरायला मोकळी आहे, एवढीच नोंद होते, आणि साध्या सॉफ्टवेअरने अशा फाइली परत मिळवता येतात. कंपनीने डिस्क नष्ट केल्याचे प्रमाणपत्र देण्याची सोय सांगितली, परंतु घरगुती ग्राहकाला त्यासाठी वेगळे शुल्क होते. ती डिस्क फिरत्या तबकड्यांची असल्याने मी भावाकडून तिच्या तबकड्यांना आरपार चार भोके पाडून घेतली आणि मग ती दिली. मोबाइलमधून सिम व मेमरी कार्ड काढली, गूगल खाते काढून टाकले आणि फोन फॅक्टरी रीसेट केले. एक फोन सुरूच होत नव्हता, तो अजून माझ्याजवळच आहे.

या सेवेची सर्वांत कमकुवत बाजू पुढे आली. तीनपैकी एका मोबाइलची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते, आणि ती पाहताच मुलांनी तो फोन नेण्यास नकार दिला. फुगलेली लिथियम बॅटरी दाबली किंवा टोचली गेली, तर पेट घेऊ शकते आणि ती इतर सामानात टाकून गाडीतून नेणे धोक्याचे आहे, त्यामुळे त्यांचा नकार मला पटला. पण नोंदणी करताना फोनवर मी ‘बॅटरी फुगली आहे’ असे स्पष्ट सांगितले होते आणि ‘सगळे घेतो’ हे उत्तर मिळाले होते. सीएफएलचेही तेच झाले. प्रत्येक दिव्यात काही मिलिग्रॅम पारा असतो, न फुटता नेण्यासाठी वेगळे खोके लागते आणि ते गाडीत नव्हते. थोडक्यात, ज्या दोन गोष्टी घरात ठेवण्याची मला खरोखर भीती वाटत होती, त्याच घरात राहिल्या. फोन आता सिरॅमिकच्या कुंडीत कोरड्या वाळूत, खिडकीच्या पडद्यांपासून दूर ठेवला आहे आणि त्याला चार्जर लावायचा नाही, अशी चिठ्ठी कुंडीवर चिकटवली आहे.

सगळ्याचे वजन 31 किलो भरले आणि 310 रुपये मिळाले, टीव्हीचे शून्य. भंगारवाल्याच्या भावाच्या जवळपास निम्मी ही रक्कम आहे, तरी तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पावतीविषयी मात्र आहे. ती अकरा दिवसांनी ईमेलने आली आणि तिच्यावर केवळ ‘मिश्र ई-कचरा, 31 किलो’ असे लिहिले होते. मी परत लिहिले, वस्तूंची यादी आणि माल ज्या कारखान्यात गेला त्याचे नाव मागितले. आणखी चार दिवसांनी दुसरी पावती आली. तीत टीव्ही, सीपीयू, मिक्सर असे स्वतंत्र नग होते, कारखान्याचा पत्ता होता आणि ट्यूबची काच वेगळी काढून कुठल्या अधिकृत ठिकाणी पाठवली जाते, याचीही एक ओळ होती. ही ओळ मागितल्याशिवाय मिळत नाही, हे खटकते. मागितल्यावर मिळते, म्हणून मी ही सेवा इतरांना सुचवते. 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. आपला टीव्ही उरलेल्या ढिगात गेला नाही, हे घरातल्या माणसाला कळण्याचे साधन ही पावतीच आहे.

सामान थोडे असेल आणि पैशांची अपेक्षा नसेल, तर पुण्यात घरी गाडी बोलावण्याची गरजही नाही. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि ‘पूर्णम इकोव्हिजन’ यांच्यासारख्या संस्था ई-कचरा संकलनाच्या मोहिमा घेतात, चार्जर आणि वायरींची पिशवी तिथे नेऊन देणे सोपे पडते. जड टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन अशा वस्तूंसाठी मात्र घरी येणारी माणसे लागतात, आणि तिथे ही सेवा उपयोगी आहे.

आता घरात फ्रिज उरला आहे. त्याच्या नळ्यांतील गॅस हवेत न सोडता यंत्राने ओढून घ्यावा लागतो. कॉम्प्रेसरची नळी रस्त्यावरच कापली, तर तो काही क्षणांत निघून जातो. पुढच्या महिन्यातील तारीख मी त्याच कंपनीकडे मागितली आहे, सीएफएलसाठी खोके आणायला सांगितले आहे, आणि फ्रिजमधील गॅस कोण व कुठे काढणार, हे लेखी कळवल्याशिवाय गाडी पाठवू नये, असे लिहिले आहे. त्याचे उत्तर अद्याप यायचे आहे.