भंडारदऱ्याची कुडाची खोली: मे महिन्यातल्या चार रात्री

मी छत्रपती संभाजीनगरला नर्स आहे. नाइट ड्यूटी करून आले की माझी झोपायची वेळ सकाळी नऊची. घर तिसऱ्या मजल्यावर, वर थेट स्लॅब. अकरा वाजले की पंखा नुसती गरम हवा खाली ढकलतो. कूलर आहे, पण त्याला पाणी लागतं आणि आमच्याकडे नळ येतो आठ दिवसांनी. ड्रममधली बादली कूलरमध्ये ओतताना हात अडखळतो. मेमध्ये पारा ४२ वर गेला, वॉर्डात ऊन लागलेले पेशंट वाढले. सलग सहाव्या नाइटला पहाटे मला एकाच सलाइनचे थेंब तीनदा मोजावे लागले. सकाळी घरी न जाता आधी रजेचा अर्ज दिला.

सोबत सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, आणि बारा वर्षांची मुलगी. मला एसी रिसॉर्ट नको होतं, परवडणारही नव्हतं. वॉर्डातल्या एका मावशींच्या भाच्याकडून ही जागा कळली. भंडारदरा धरणाच्या काठानं, शेंडी गावाहून रतनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुतखेलच्या पुढे, एका महादेव कोळी कुटुंबाच्या घरामागे दोन खोल्या. बोर्ड नाही. माणशी ९०० रुपये, त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा. मुलीचे अर्धे.

आम्ही एसटीनं गेलो. आई ७६ वर्षांच्या, त्यांना प्रवास मोफत. मला आणि मुलीला अर्धं तिकीट. संगमनेर, अकोले, राजूर असं गाड्या बदलत जावं लागतं, दिवस जातो. राजूरला पेढे घेतले, ते तुम्हीही घ्या. शेंडीपासून पुढे घरमालकांनीच, म्हणजे दादांनी, जीप पाठवली.

आता खोलीबद्दल, कारण मी आले होते झोपायला. भिंती कुडाच्या: कारवीच्या काठ्या विणून दोन्ही बाजूंनी शेणमातीचा गिलावा. वर कौलं, खाली सारवलेली जमीन, दोन लोखंडी पलंग, एक पंखा, एक बल्ब. आमच्या घराचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आमच्या अंगावर सोडतो. कुडाची भिंत पातळ, ती उष्णता धरूनच ठेवत नाही. ऊन उतरलं की तासाभरात निवते. कौलांच्या फटींतून कोंडलेली गरम हवा वर निघून जाते. मुलीनं घरचं तापमान दाखवणारं घड्याळ पिशवीत टाकलं होतं. दुपारी दोनला खोलीत ३४, पहाटे पाचला २१. आमच्या बेडरूममध्ये रात्री तीनला ते ३३ दाखवतं.

दुपार तिथेही तापते, हे आधीच सांगते. थंड हवेचं ठिकाण म्हणून डोक्यात महाबळेश्वर धरून गेलात तर निराश व्हाल. बारा ते चार अंगणातल्या आंब्याखाली बाज टाकून पडायचं, दुसरं काही करायचं नाही. पाचच्या पुढे मात्र घाटाकडून वारा चढतो, पाण्यावरून येतो आणि रतनगडाच्या माथ्यावर ढग अडकायला लागतात. पहिल्या रात्री मी साडेनऊला आडवी झाले आणि सकाळी सातला आईंनी हलवून उठवलं. मध्ये एकदाही जाग नाही. किती महिन्यांनी असं झालं ते मला आठवेना. आई म्हणाल्या, "अगं, इथं रात्र रात्रीसारखी आहे."

जेवण चुलीवरचं. नागलीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, इंद्रायणीचा मऊ भात. एक दिवस धरणातला मासा, तव्यावर कमी तेलात. घरच्या वहिनी भाकरी थापताना माझ्या मुलीला शेजारी बसवत. तिसऱ्या दिवशी तिनं थापलेली भाकरी आईंनी पूर्ण खाल्ली. दुपारी द्रोणात करवंदं. मीठ लावून खा.

काठावरची खोली म्हटलं की लोकांना दारात पाणी हवं असतं. मे महिन्यात तसं नसतं. धरणातून शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटत असतात, पाणी खूप खाली जातं. आमच्या दारापासून पाण्यापर्यंत मी पावलं मोजली, २१० भरली. मधला उतार भेगाळलेल्या गाळाचा. या गाळात पाय रुततो आणि पुढे एकदम खोल आहे. दादांनी पहिल्याच दिवशी मुलीला एक दगड दाखवला आणि सांगितलं, याच्या पुढे नाही. पोहायला परवानगी मागू नका. बुडालेल्या पोरांचे आईबाप मी वॉर्डाच्या दारात पाहिले आहेत. दादांचा हा नियम मला फार आवडला.

संध्याकाळी त्या दगडावर बसून दादा सांगत होते. धरण १९२६ चं, त्यांच्या पणजोबांची भातखाचरं याच पाण्याखाली गेली. क्षमता अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. समोर एवढं पाणी आणि मेमध्ये त्यांच्या वाडीची विहीर तळाला गेलेली. वहिनी हंडे घेऊन पहाटे निघतात. प्रवरा नदी समोरच्या रतनगडाच्या डोंगरात उगम पावते, या धरणातून खालच्या निळवंडे धरणात जाते, शेतांना पाजत प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तिथून नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरण. आणि जायकवाडीतून आमचा नळ. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नगर आणि मराठवाडा यांच्यात होणारी भांडणं मी वर्षानुवर्षं पेपरात वाचलीत, नेहमी आमच्या बाजूनं. त्या दगडावर पहिल्यांदा दुसरी बाजू समोर बसलेली होती, आणि तिनंच मला चहा दिला होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघींनी आंघोळ एका-एका बादलीत उरकली. कुणी सांगितलं नव्हतं.

बघायचं म्हणाल तर रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर नक्की. सकाळी आठच्या आत जा, दगडी कोरीवकामावर ऊन तिरपं पडतं आणि गाभाऱ्याजवळ गार वाटतं. रंधा धबधबा मेमध्ये पाहण्यात अर्थ नाही. काजवे आम्हाला थोडेच दिसले, एका हिरड्याच्या झाडावर पंचवीस-तीस असतील. खरा बहर पहिल्या पावसाच्या आगेमागे, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. हा सगळा भाग अभयारण्यात येतो. गाडीचे दिवे, मोबाईलचा उजेड बंद ठेवा, बाटलीत काजवे भरू नका. मुलीनं एक काजवा हातावर बसू दिला, तो स्वतःहून उडाला तेव्हाच तिथून हलली.

त्रासाच्या दोन गोष्टी आहेत. एक, शनिवार. जवळच्या तंबूंच्या एका कॅम्पवर रात्री साडेबारापर्यंत स्पीकर चालू होता. पाण्यावरून आवाज फार लांब येतो. लग्नाच्या वरातीसारखा ठोका आमच्या कुडाच्या भिंतीत ऐकू येत होता, आई कानावर पदर घेऊन बसल्या. दादा स्वतः जाऊन सांगून आले, पण उपयोग झाला नाही. ती एक रात्र माझी गेली, आणि त्याचा मला अजून राग आहे. इथली माणसं पहाटे चारला पाण्याला उठतात. जमलं तर सोमवार ते गुरुवार जा.

दुसरी, संडास घरामागे, तीसेक पावलांवर. स्वच्छ आहे, पाणी भरलेलं असतं, पण वाटेवर दिवा नाही आणि वीज रात्री एखाद-दोन तास जाते. म्हाताऱ्या माणसाला रात्री एकटं पाठवू नका. पहिली रात्र सोडली तर आईंबरोबर मी प्रत्येक वेळी उठून गेले. पायात चप्पल नव्हे, बूट घाला. उन्हाळ्यात विंचू असतात. आणि आपली औषधं, ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवा, मोठं गाव जवळ नाही.

निघताना पैसे दिले तर वहिनींनी त्यातले दोनशे परत केले, शनिवारच्या झोपेचे म्हणून. मी घेतले नाहीत. दादांनी विचारलं, काय सुधारू? मी संडासच्या वाटेचं सांगितलं. ते म्हणाले, सौर दिवा पावसाळ्याआधी लावतो. जीपमध्ये बसल्यावर मुलीनं सांगितलं, आमची टॉर्च तिनं खोलीच्या दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे. दिवा लागेपर्यंत जे जाल त्यांना सापडेल.