मासेमारीसाठी कयाक: पेडलची की वल्ह्याची?

दोन्ही प्रकारच्या कयाक (अरुंद, छोट्या होड्या) वापरल्यानंतर माझे मत पेडलच्या बाजूने झुकले आहे, आणि त्याचे कारण वेग नसून मोकळे हात हे आहे. मासा गळाला लागतो त्या क्षणी वल्हे मांडीवर आडवे टाकून रॉड उचलावा लागतो आणि तेवढ्यात वारा कयाक फिरवून टाकतो. पेडलवर मात्र पाय चालवत जागा धरून ठेवता येते आणि हात रीळ फिरवायला मोकळे राहतात. होबी कंपनीने १९९७ साली आणलेल्या मिराज ड्राइव्हमध्ये, म्हणजे पेडलने कयाक चालवणाऱ्या यंत्रणेत, पाण्याखाली दोन पाती पेंग्विनच्या पंखांसारखी हलतात. प्रोपेलरच्या (फिरत्या पंख्याच्या) ड्राइव्हमध्ये उलटे पेडल मारले की कयाक लगेच मागे येते, आणि बुडालेल्या फांद्यांत शिरू पाहणाऱ्या माशाला बाहेर ओढताना याचा फार उपयोग होतो.

तरीही उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात मी वल्ह्याचीच कयाक नेईन, कारण प्रोपेलरला गवताचा वेढा बसला की ड्राइव्ह वर उचलून एकेक धागा सोडवत बसावे लागते. शिवाय पेडलची कयाक जड आणि बरीच महाग असते. ती एकट्याने गाडीच्या टपावर चढवता येईल का, हे घेण्यापूर्वी स्वतः उचलूनच पाहावे. ड्राइव्ह बिघडल्यास काठ गाठण्यासाठी तिच्यातही एक वल्हे ठेवावेच लागते.