स्टँड घट्ट, झाकण फुगलं: घरी केलेल्या मत्स्यटाकीच्या लाकूडकामाचे 14 महिने

एका सकाळी आईने हाक मारली. "अरे, तुझं ते झाकण बसत नाहीये. मासे काय उघड्यावर ठेवायचे का?"

जाऊन बघितलं तर कॅनॉपीच्या, म्हणजे टाकीवरच्या लाकडी छताच्या, झाकणाचा मागचा कोपरा अर्धा सेंटिमीटर वर आलेला, बिजागरीचे दोन स्क्रू बोटाने फिरतील इतके सैल. 12 मिमी प्लायची कड पट्टीने मोजली, जवळजवळ 14 भरली. ज्या भागाची मी तोवर एकदाही काळजी केली नव्हती, नेमका तोच गेला.

टाकी चार बाय दीड बाय दीड फूट, नुसत्या काचेची, तळाला फ्रेम नाही. स्टँड करण्याआधी मी आठ दिवस फक्त वजनाचाच विचार करत होतो. पाणी काठोकाठ भरलं तर 255 लिटर, म्हणजे तेवढेच किलो. 10 मिमी काचेचे 50 किलोच्या वर, शिवाय वाळू, दगड, ओंडका. साडेतीनशे किलो धरून चाललो. रात्री स्वप्नात स्टँड मोडायचा आणि मी बादली शोधत फिरायचो.

त्या भीतीपोटी स्टँड मात्र उत्तम झाला. दोन बाय चार इंची लाकडाची वरची चौकट थेट उभ्या पायांच्या डोक्यावर बसवली. पायांच्या बाजूला चौकट स्क्रूने टांगायची नाही, एवढी एकच गोष्ट मी हट्टाने पाळली. भार लाकडातून लाकडात उतरत जमिनीवर गेला पाहिजे. स्क्रूचं काम लाकडाला जागेवर धरून ठेवण्याचं, 350 किलो पेलण्याचं नाही. तरी सगळं जोडून कोपऱ्याला ढकललं तर सांगाडा डुलला! उभं वजन घ्यायला पाय पुरतात, आडव्या धक्क्याला पाठ लागते. मागे 9 मिमी प्लायचा सलग पाट ठोकला, पाइपापुरतं भोक ठेवलं, डुलणं तिथल्या तिथे थांबलं.

टाकी आधी चतुर्थांशच भरली आणि दोन्ही टोकांना काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं. 4 मिमीचा फरक. पाणसळीने तर सगळं ठीक दाखवलं होतं, पण माझी पाणसळ एक फुटाची आणि टाकी चार फुटांची. पाणी उपसलं, पाचरी स्टँडच्या पायाखाली सरकवल्या. काचेखाली पाचर घालायची नाही, नाहीतर सगळा भार त्या एका जागेवर येतो आणि काच तडकते. काचेखाली फक्त सलग थर्माकोल. त्यानंतर आजपर्यंत पाण्याची रेघ हललेली नाही. स्टँडबद्दल तक्रार एकच: मधला पाय मी दाराच्या बरोब्बर समोर घेतला, त्यामुळे कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर, स्टँडच्या आत ठेवलेला डब्यासारखा फिल्टर) साफ करायला काढताना दर वेळी तिरका करावा लागतो आणि दर वेळी पेलाभर पाणी सांडतं. दहापैकी नऊ.

आता झाकण.

आधी राग बिजागरीवर काढला. स्वस्तातली घेतली होती, सहाव्या महिन्यातच तांबूस झाली. ती काढून स्टेनलेसची लावली, पण जुन्याच भोकांत. प्लायच्या कडेत स्क्रू मुळातच नीट धरत नाही, थरांच्या मधे शिरतो आणि थर उकलायला लागतात. मला वाटलं, झालं काम. महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा सैल.

मग दिव्यावर संशय घेतला. एलईडीची पट्टी झाकणाच्या आत आहे, तिच्या उष्णतेने लाकूड वाकत असेल असं वाटलं. वर उचलली, खाली केली, एक दिवस बंदच ठेवली. हा दोष उगाच दिला. कारण झाकणाच्या आतल्या बाजूला सगळ्यात जास्त थेंब असतात ते पहाटे, दिवा लागण्याच्या आधी. हीटर पाणी 26 अंशांवर ठेवतो, रात्री खोली थंड होते, झाकणही थंड होतं आणि खालून येणारी वाफ त्यावर जमते. दिवा लागला की उलट झाकण जरा सुकतं. म्हणजे ज्याला चोर समजत होतो तो बिचारा राखण करत होता.

खरा चोर मी. पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात आतून दिले, बाहेरून दिले, समोरच्या कडेला तर चार दिले कारण ती दिसते. मागची कड आणि बिजागरीखालची कड तशीच सोडली. भिंतीकडे तोंड, कोण बघतंय? डब्यात चार बोटं वार्निश उरलं होतं आणि मला ते उरल्याचा आनंद झाला होता. ते वार्निश आता डब्यात दगड होऊन बसलंय.

लाकडाच्या रेषांच्या कापलेल्या टोकांकडून पाणी जितकं लवकर आत शिरतं तितकं सपाट बाजूने शिरत नाही. प्लायच्या प्रत्येक कडेला काही थरांची टोकं उघडी असतात, ती वातीसारखं पाणी ओढतात. मी मरीन प्लाय घेतला होता, तोही ऐटीत. मरीन प्लायमधला गोंद पाण्याला दाद देत नाही, लाकूड देतं. थर सुटून पडले नाहीत हे गोंदाचं श्रेय, पण फुगायचं ते फुगलंच. हे आधी कळलं असतं तर प्लायला शिव्या दिल्या नसत्या. तेव्हा प्लायला माझ्याकडून माफी, झाकणाचे गुण दोनवरून पाच.

दुरुस्तीत आठ दिवस टाकी उघडी राहिली. आता आईचंच म्हणणं फिरलं, झाकण हवंच कशाला, पाणी छान दिसतंय. तिसऱ्या रात्री एक झेब्रा डॅनिओ उडी मारून बाहेर. सकाळी तो तिलाच दिसला. झाकणाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

नवं झाकण त्याच मापाचं केलं, पण चारही कडांना आधी वार्निश मुरवलं, मग वरून पुन्हा दोन हात. स्क्रूची भोकं पाडून भोकांच्या आतही काडीने वार्निश सोडलं. बिजागरी आता कडेत नाही, आतल्या बाजूने चिकटवलेल्या सागाच्या पट्टीत आहे. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, झाकण टाकीवर चढवलं नाही. तोवर वर काचेचा तुकडा होता. आणि मागच्या फळीत दोन तळहातांएवढी फट कापली. आधीची कॅनॉपी चहूबाजूंनी बंद होती, वाफेला जायला वाटच नव्हती.

फटीजवळ संगणकातला 12 व्होल्टचा छोटा पंखाही लावून पाहिला. थेंब गेले, पण पाणीही जायला लागलं. या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेपाच लिटर गेले. आधी आठवड्याला एक सेंटिमीटर उतरायची, पंख्याने दोनच्या वर. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, त्यामुळे नुसती भर घालत राहिलं तर पाणी जड होत जातं. म्हणून पंखा आता पहाटे दोन तासच, टायमरवर. वायर प्लगपर्यंत नेताना खाली झोळ ठेवलाय, थेंब ओघळला तरी झोळावरून जमिनीवर पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. ही अक्कल मात्र मला पहिल्या दिवसापासून होती, नोंद असावी.

एक दुखणं उरलंच आहे. झाकण उघडलं की आतले दोन-चार थेंब पुढच्या काचेवर ओघळतात आणि वाळल्यावर पांढऱ्या रेघा उठतात. आतल्या पुढच्या काठाला अ‍ॅक्रिलिकची तिरकी पट्टी चिकटवून थेंब आत वळवले. रेघा निम्म्या झाल्या, गेल्या नाहीत. साडेसहा, फार तर.

जुनं झाकण टाकलेलं नाही. मागची सुजलेली दोन बोटं कापली तर उरलेला प्लाय ठणठणीत आहे, स्टँडच्या आत औषधं आणि खाद्याच्या डब्यांसाठी फळी होईल. मापं घेऊन ठेवली आहेत, वार्निशचा नवा डबाही आणलाय.