आघात आणि व्यसन : आधी एक, मग दुसरं, की दोन्ही एकत्र?

रात्री दोनला मुलगी दचकून उठते. अंगाला दरदरून घाम. पुन्हा डोळा लागावा म्हणून ती झोपेची गोळी घेते. मानसोपचारतज्ज्ञांच्या कागदावर ही ‘झोपेची तक्रार’ होते, व्यसनमुक्ती केंद्राच्या कागदावर ‘गोळ्यांचं व्यसन’. घडलेलं मात्र एकच असतं : मनावर बसलेला जुना आघात आणि तो विसरायला घेतलेला नशेचा आधार. अशा मुलांच्या पालकांपुढे तीन वाटा असतात.

पहिली : आधी व्यसन सोडवा, मनाचं नंतर बघू. मला हे पटत नाही. नशा थांबली की तिने दाबून ठेवलेल्या आठवणी उसळून येतात आणि नेमकं तेव्हाच त्यांबद्दल बोलायला कुणी नसतं. मूल पुन्हा नशेकडे वळतं आणि ‘इच्छाशक्ती नाही’ असा शिक्का घेऊन बसतं. एक अपवाद खरा. रोजची दारू किंवा बेन्झोडायझेपिन गटातल्या (झोपेसाठी, चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या) गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके येऊन जिवावर बेतू शकतं. तिथे सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवी. पण त्या दिवसांतही मनाचे उपचार ‘नंतर’वर टाकू नका.

दुसरी : दोन्ही उपचार एकाच वेळी, पण दोन ठिकाणी. बहुतेकांच्या हाताशी हीच वाट असते. यात मुलाला तीच जखम दोनदा उघडून दाखवावी लागते आणि एकाने लिहिलेलं औषध दुसऱ्याला ठाऊक नसतं. दोघांनाही स्पष्ट विचारा : तुमच्यातलं कोण कुणाला फोन करणार, किती दिवसांनी? एकमेकांना काय सांगायचं आणि काय नाही, हे मुलासमोर, त्याच्या संमतीने ठरवा. गुपित फुटलं असं वाटलं की या वयाची मुलं बोलणंच बंद करतात.

तिसरी : एकच टीम, एकच आराखडा. शक्य असेल तर हीच निवडा. किशोरवयीनांसाठी तयार झालेल्या ‘रिस्क रिडक्शन थ्रू फॅमिली थेरपी’ या पद्धतीत आघात, व्यसन आणि कुटुंब यांवर एकत्र काम होतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा नशेचे दिवस जास्त घटले. मात्र इजा करणारी व्यक्ती घरातच असेल, तर कौटुंबिक सत्रांआधी मुलाची सुरक्षितता.

कुठेही नाव घालण्यापूर्वी एक प्रश्न विचाराच : ‘मधेच पुन्हा नशा केली तर काय कराल?’ ‘काढून टाकू’ असं उत्तर आलं, तर दुसरीकडे चौकशी करा. ‘त्याच आठवड्यात भेटू आणि आदल्या रात्री काय झालं होतं ते विचारू’ असं म्हणणारे लोक हवेत.