ठाणे जिल्ह्याचे 'सामाजिक व आर्थिक समालोचन': घ्या, पण तळटिपेसकट

राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे हे प्रकाशन जिल्हा सांख्यिकी कार्यालय तयार करते आणि संचालनालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. लोकसंख्या, शेती, उद्योग, शाळा, दवाखाने, रस्ते असे सगळे एकाच जागी हवे असेल तर सुरुवात इथूनच करावी. प्रकल्प अहवाल लिहिणारे, पत्रकार आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी यांच्यासाठी ते खरोखर मोलाचे आहे. आकडा उचलताना मात्र तो कोणत्या हद्दीचा, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या विभागाचा, हे पाहिल्याशिवाय वापरू नये.

हद्दीपासूनच सुरुवात करू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत अखंड ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. त्याच जनगणनेचे आकडे आजच्या सात तालुक्यांपुरते घेतले तर ती ८०,७०,०३२ भरते. क्षेत्रफळ ९,५५८ वरून ४,२१४ चौरस किलोमीटरवर आले. म्हणजे घनता १,१५७ वरून थेट १,९१५, आणि माणूस एकही वाढलेला नाही! २०१४ आधीची आणि नंतरची आवृत्ती शेजारी ठेवून आलेख काढणारे नेमके इथे फसतात. जुन्या आवृत्तीतून पालघरचे तालुके वजा करूनच तुलना करावी.

नवी मुंबईचा घोळ वेगळा. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची महापालिका ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे रायगडमध्ये. 'नवी मुंबईची बाजारपेठ' मोजायची तर दोन्ही जिल्ह्यांची समालोचने उघडावी लागतात, तीही एकाच वर्षाची.

सर्वात जपून वापरावा तो जन्म-मृत्यूचा तक्ता. आपल्याकडे जन्माची नोंद तो जिथे झाला तिथे होते, आई राहते तिथे नाही. शहापूर किंवा मुरबाडची बाळंतीण कल्याण-उल्हासनगरच्या रुग्णालयात आली की तो जन्म शहराच्या खात्यात पडतो. त्यामुळे नोंदलेल्या जन्मांना तालुक्याच्या लोकसंख्येने भागून काढलेला दर ग्रामीण भागात खोटा कमी आणि शहरात खोटा जास्त येतो. त्यात भाजक २०११ चा, कारण पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तालुक्याचा असा दर काढूच नये, जिल्ह्याचा काढलाच तर तोही सावधपणे.

उद्योगांतही तेच. सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक मर्यादा १ जुलै २०२० पासून १ कोटी होती, १ एप्रिल २०२५ पासून ती अडीच कोटी झाली. कालचा लघु उद्योग आज सूक्ष्म ठरतो. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात सूक्ष्म उद्योग वाढलेले दिसले तर आधी व्याख्येची तारीख बघा.

यात दोष एकट्या सांख्यिकी कार्यालयाचा नाही. बहुतेक तक्ते इतर विभागांच्या दप्तरातून येतात आणि ती दप्तरे परवाने, अनुदान, दाखले यांसाठी ठेवलेली असतात, सांख्यिकीसाठी नव्हे. संयुक्त राष्ट्रांची अधिकृत सांख्यिकीची दहा मूलभूत तत्त्वे १९९४ ची. २०१४ मध्ये आमसभेने ती मान्य केली आणि २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वीकारली. त्यातले तिसरे तत्त्व स्रोत आणि पद्धती उघड सांगायला लावते. चौथे तत्त्व आकड्याचा चुकीचा अर्थ लावला गेला तर त्यावर बोलण्याचा अधिकार सांख्यिकी यंत्रणेला देते. चौथ्या तत्त्वातला हा अधिकार जिल्हा पातळीवर वापरला जावा असे आम्हाला मनापासून वाटते. घनतेची उडी बातमी होते तेव्हा खुलासा जिल्हा कार्यालयातूनच यायला हवा.

अशा प्रकाशनांची मानके अद्ययावत करताना जिल्ह्यासाठी चार गोष्टी सक्तीच्या कराव्यात: प्रत्येक तक्त्याखाली व्याख्या, संदर्भ दिनांक आणि हद्द; अस्थायी म्हणजे तात्पुरता आकडा कधी अंतिम होणार याची तारीख; मागील आवृत्तीतल्या दुरुस्त्यांची यादी; आणि प्रकाशनाचा दिवस वर्षाच्या सुरुवातीला जाहीर. केंद्राचा ग्राहक किंमत निर्देशांक ठरल्या दिवशी दुपारी ४ वाजता येतो, म्हणून तो कोणाच्या सोयीने थांबवला अशी शंका येत नाही.

तोवर वापरणाऱ्यांनी पीडीएफमधला तक्ता एक्सेलमध्ये घेतला की तालुक्यांची बेरीज जिल्ह्याच्या ओळीशी जुळवून पाहावी. कॉपी करताना स्तंभ सरकतात आणि देवनागरी अंक बिघडतात. बेरीज जुळली नाही तर आधी स्वतःची फाइल, मग तळटीप, आणि तरीही फरक राहिला तर तक्ता क्रमांक व आवृत्तीचे वर्ष लिहून स्रोत विभागालाच विचारावे.