फ्युएल सेलच्या स्टील प्लेटवर कोटिंग कुठलं मारायचं: सोनं, नायट्राइड की कार्बन?

सांगली-मिरजेकडं कुणी पेम फ्युएल सेलचा (हायड्रोजन आणि हवेपासून वीज करणारा, मधे मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा असलेला सेल) छोटा स्टॅक, म्हणजे सेलांची थप्पी, करायला घेतला की सेलांच्या मधल्या, गॅस आणि करंट नेणाऱ्या एसएस ३१६एल स्टेनलेसच्या प्लेटा कुपवाड एमआयडीसीत कापून मिळतात, घोडं अडतं ते कोटिंगवर. जवळ होतंय म्हणून निकल प्लेटिंग करून मोकळं होऊ नका, आत ८० डिग्रीच्या आसपास गरम, ओलं, ॲसिडिक वातावरण असतं, निकल हळूहळू विरघळतो आणि त्याचे आयन मेम्ब्रेनमध्ये जाऊन बसतात. हार्ड क्रोमला बारीक चिरा असतात, तेपण बाद.

मग कोटिंगच कशाला, स्टेनलेसच आहे की? तर त्याच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा गंज अडवतो तसा करंटपण अडवतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं टार्गेट बघा, गंजाचा करंट (स्टील किती वेगानं गंजतं त्याचं माप) चौरस सेंटीमीटरला १ मायक्रोॲम्पच्या आत आणि काँटॅक्ट रेझिस्टन्स (प्लेट टेकते तिथं करंटला होणारा अडथळा) १० मिलीओहम-चौ.सेंमी.च्या आत, दोन्ही एकदम पाहिजे.

सोनं दोन्हीत पास, पण थर पातळ ठेवला तर पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढी भोकं, राहतात आणि त्या भोकात खालचं स्टील उलट जास्तच खाल्लं जातं, थर जाड करायचा तर सराफ कट्ट्यावरचा भाव विचारून या मग बोलू.

नायट्राइड म्हणजे ड्रिल-कटरवर पीव्हीडीनं (व्हॅक्यूममध्ये वाफेनं पातळ थर बसवून) मारतात तेच. टायटॅनियम नायट्राइड दिसतं सोन्यासारखं (गिऱ्हाईक खूश!) पण कॅथोडच्या (हवा येते त्या) बाजूला ते हळूहळू ऑक्साइड होऊन रेझिस्टन्स वाढतो. क्रोमियम नायट्राइड दिसायला राखाडी, पण तिथं जास्त टिकतं. पिनहोल यातपण असतात, मल्टिलेयर मारलं तर कमी.

कार्बन मला सगळ्यात आवडतं, टोयोटानं २०१४ च्या मिराईत टायटॅनियमच्या प्लेटांवर कार्बनचाच थर वापरला. पण इथं लोक फसतात, टूलवाल्याला नुसतं डीएलसी (हिऱ्यासारखा कार्बन) मार म्हणलं की तो झीज थांबवणारं कडक डीएलसी मारून देतो आणि त्यातून करंट नीट जातच नाही, आपल्याला ग्राफाइटसारखं, करंट वाहणारं पाहिजे आणि खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा पकड देणारा थर पाहिजे. शिवाय सेल सारखा चालू-बंद केला की कॅथोडचं व्होल्टेज उसळतं आणि कार्बन जळत जातो.

त्यामुळं बजेट बेताचं असेल तर क्रोमियम नायट्राइड घ्या, कार्बन नीट समजणारा पीव्हीडीवाला भेटला आणि सेल सलग चालणार असेल तरच कार्बन. नुसता टेबलावर डेमो दाखवायचा असेल तर सरळ ग्राफाइटच्या प्लेटा घ्या, जाड आणि ठिसूळ असतात पण गंजायची भानगडच नाही. कोटिंग मात्र गॅसचे चॅनल पाडून, बर (कापताना राहिलेली धारदार कड) काढून झाल्यावरच, आणि त्याच बॅचमध्ये एक जादा तुकडा टाकायला सांगा, रेझिस्टन्स त्याच्यावर मोजता येतो.